आतून कडी

मी पिशव्या सांभाळत फाटकातून आत शिरले तेव्हा माझा सख्खा धाकटा भाऊ जयवंत पोर्चमध्ये मांडी घालून बसला होता आणि हेअर ड्रायरने कोंबडी वाळवत होता.

थट्टा नाही करत. एका हातात ड्रायर, दुसऱ्या हातात कंगवा, मांडीवर टॉवेल आणि टॉवेलवर कोंबडी. तीसुद्धा कोंबडी आहे हे त्याने सांगितलं म्हणून कळलं. मला आधी ती उसवलेली उशीच वाटली. डोक्यावर एवढा मोठा झुबका की डोळे दिसत नव्हते. जयवंत त्या झुबक्यात रबरबँड अडकवायच्या खटपटीत होता.

"ताई, चपला तिकडेच काढा हं," आतून मृणाल, त्याची बायको, ओरडली. "आणि पाय धुऊन या. पर्लला बाहेरचं इन्फेक्शन पटकन होतं."

दिवाळीच्या गर्दीत पुण्याहून साताऱ्यापर्यंत मी एसटीत उभ्याने आले होते. पण घरात पहिली चौकशी झाली ती माझ्या चपलांची.

"सिल्की म्हणतात हिला," जयवंत मान वर न करता म्हणाला. टायरच्या एजन्सीत बरकत आल्यापासून तो असाच खाली बघून बोलायचा. "अशा पाच आहेत. कातडी काळी, पायाला पाच बोटं. यांची पिसं साध्या कोंबडीसारखी नसतात ताई, पाणी सरळ अंगात मुरतं. परवा पावसात भिजल्या तर एक जाता जाता वाचली."

"अण्णा कुठायत?"

"अण्णा? वर." आणि त्याने ड्रायर पुन्हा चालू केला.

वर म्हणजे गच्चीवरच्या खोलीत. अण्णा म्हणजे आमचे वडील. जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. प्लॉट त्यांचा, त्यावरचं बैठं घर त्यांनीच बांधलेलं. जयवंतने ते पाडून बंगला केला तेव्हा खाली परसाच्या बाजूची खोली अण्णांची असं ठरलं होतं. वर्षभर ती अण्णांची होती. मग ती गेस्ट रूम झाली आणि अण्णांचं सामान "तात्पुरतं" वर गेलं. पुढे गेस्ट रूमची जिम झाली. जिममध्ये एक ट्रेडमिल होती आणि तिच्यावर मृणालचे ओले टॉवेल वाळत असायचे. चालताना तिच्यावर कधी कोणी दिसलं नाही.

अण्णांचे दोन्ही गुडघे गेलेले. जिन्याला गुळगुळीत ग्रॅनाइट आणि कठड्याला काच. धरायला म्हणून काही नाही. अण्णांनी एक साधा लोखंडी पाइप बसवून मागितला होता. जयवंत म्हणाला, "अण्णा, सगळा लुक जातो हो." लुक राहिला आणि अण्णा वर राहिले. जेवणाचं ताट वर जायचं, रिकामं खाली यायचं. गणपतीत अण्णा एकेक पायरी बसत, सरकत खाली आरतीला आले, तर मृणालने आडबाजूला घेऊन सांगितलं, "अण्णा, पाहुण्यांसमोर असं नका ना येऊ."

मी त्यांना माझ्याकडे का नेत नव्हते, असं कोणीही विचारेल. माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर नेऊन काय साधणार होतं? अण्णांना काय हवं होतं ते मला पाठ होतं, दर फोनला ते तेच सांगायचे: "शैला, एकदा पाय जमिनीला लागू देत गं. स्वतःच्या पायांनी फाटकापर्यंत जाऊन आलो की बास."

मी वर गेले तर अण्णा खाटेवर मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते. मला पाहिल्यावर चेहरा फुलला. म्हटलं आता गुडघ्यांचं सांगतील, निदान चहा मिळत नाही म्हणून तरी सांगतील.

"शैला, कोंबड्यांचं घर बघितलंस का?"

"काय?"

"अगं परसात बांधतोय जयवंत. जा, बघून ये आधी. उताराचा कोन बरोबर झालाय का बघ. या जातीला पायरी चढवत नाही. उडता तर अजिबात येत नाही. जमिनीसरशीच राहतात बिचाऱ्या. सगळं वाचून काढलंय मी." त्यांनी मोबाईल माझ्यासमोर नाचवला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या माणसाला जिना चढवत नाही, उतरवत नाही, तो माणूस कोंबड्यांच्या पायऱ्यांची काळजी करत होता. आणि कोणासाठी? तर ज्याने याला अडगळीत टाकलं त्याची मर्जी राखण्यासाठी. मला जयवंतचा राग होताच, पण त्या क्षणी अण्णांचा जास्त आला. म्हातारपणी माणूस इतका लाचार होतो?

मी तरातरा खाली उतरले.

परसात जे उभं होतं त्याला खुराडं म्हणायला जीभ रेटेना. चांगली खोलीच होती. निम्म्या भागात बारीक जाळी, आत वाळू, कोंबड्यांना बसायला वीतभर उंचीच्या रुंद फळ्या. उरलेल्या निम्म्या भागाला भिंत, खिडकी आणि दार. छप्पर उंच, त्याला पंखा. दाराशी पायरी नव्हती, रबराची पट्टी मारलेला उतार होता आणि उताराच्या कडेने जाड लोखंडी पाइप.

"हा पाइप कशाला?" मी विचारलं.

"झाडूवाली बाई ओल्या पायांनी घसरली तर?" जयवंत म्हणाला. "अण्णांनीच लक्षात आणून दिलं. लायबिलिटी आपली येते."

जिन्यावरून बाप घसरला तर लायबिलिटी कोणाची, हे मी विचारलं नाही. त्याला प्रश्नच कळला नसता.

"आणि ही खोली?"

"खाद्याची. खाद्याला दमट हवा लागली तर बुरशी येते, मग पक्षी मरतात. म्हणून फरशी, खिडकी, पंखा. तो कडाप्पाचा ओटा पोती ठेवायला." सहा फूट लांबीचा, गुडघ्याएवढा उंच ओटा. पाच कोंबड्यांना किती पोती खाद्य लागतं कोण जाणे. "तिकडे कोपऱ्यात मोरी. गरम पाण्याची सोय केलीय. पक्ष्यांच्या शोला न्यायच्या आधी यांना आंघोळ घालावी लागते, ताई. सगळीकडे घालतात. तू नेटवर बघ."

"आणि इतकी जागा सोडून बाहेरच्या संडासाला चिकटून का बांधलंस?"

"ड्रेनेजची लाईन जवळ पडते ना. मीच ठरवलं ते." आणि छाती फुगवून त्याने माझ्याकडे पाहिलं. "आमच्या क्लबमध्ये कुलगोड डॉक्टरांच्या कुत्र्याला एसी आहे म्हणून फार कौतुक चालतं. पाडव्याला बोलावलंय सगळ्यांना, फराळ आणि उद्घाटन. बघू दे म्हणावं."

उद्घाटन! कोंबड्यांच्या घराचं! मला वाटलं, आई हे बघायला नाही तेच बरं.

दार बसवत होते रमजान शिकलगार. अण्णांचे जुने दोस्त, पोवई नाक्याकडे त्यांचं वेल्डिंगचं दुकान. अण्णा वर गेल्यापासून हे रोज संध्याकाळी फाटकाबाहेर उभे राहायचे आणि रस्त्यावरून गच्चीवर गप्पा व्हायच्या, अख्ख्या कॉलनीला ऐकू जातील अशा. मृणालला त्याची लाज वाटायची. तिने शिकलगारांना "फोन करत जा ना" असं सांगितलं होतं. शिकलगार म्हणाले होते, "फोनमध्ये तोंड दिसत नाही, वहिनी."

मी दार ओढून पाहिलं. मजबूत होतं. आणि मला हसू फुटलं.

"जयवंत, अरे कडी बघ. आतल्या बाजूला बसवलीय. तुझ्या कोंबड्या रात्री आतून कडी लावून झोपणार का?"

जयवंतचा चेहरा पडला. "ओ शिकलगार! हे काय? बाहेरून लावायची ना कडी?"

शिकलगार हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवत म्हणाले, "उलटी बसली की साहेब. चुकलं. आता काढायची म्हणजे..."

"काढू नकोस रे, रमजान!" वरून आवाज आला. अण्णा गच्चीच्या कठड्यावर ओणवे झाले होते. "आत्ताच रंग मारलाय दाराला, भोकं दिसतील. पाहुणे येणार आहेत. बाहेरून पाहिजे तर एक साधा कोयंडा मार, कुलपापुरता. आतली कडी कोणाला दिसतीय?"

जयवंतने क्षणभर दाराकडे पाहिलं. भोकं ही गोष्ट त्याला पटली.

"बरोबर आहे अण्णांचं. राहू दे ती. फिनिशिंग महत्त्वाचं."

शिकलगारांनी मान डोलावली आणि पुन्हा कामाला लागले. मला त्यांचाही राग आला. इतक्या वर्षांचा दोस्त, दोन शब्द सुनवायचे सोडून "साहेब" म्हणत होता.

संध्याकाळी मी अण्णांना बोललेच.

"अण्णा, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही हो? तुम्हाला एक पाइप दिला नाही त्याने, आणि कोंबड्यांच्या उताराचा कोन तुम्ही मोजताय?"

"पाइप चांगला आहे ना? हलत नाही ना?"

"अण्णा!"

ते हसले. मला ते हसू केविलवाणं वाटलं. मग म्हणाले, "आमच्या ऑफिसात एक साहेब होते. उन्हाळ्यात शिपाई तापायचे, त्यांच्यासाठी माठ मागितला. नाही म्हणाले. पुन्हा मागितला. पुन्हा नाही. मग मी बोललो, साहेब, तुमच्याकडे सभापती येतात, त्यांना बाहेर थांबावं लागतं, पाणी नसतं, बरं दिसत नाही. दुसऱ्या दिवशी माठ आला. सोबत स्टँडही."

"मग?"

"मग काय? शिपाई पाणी प्यायले की. सभापती कधी थांबले नाहीत बाहेर."

"म्हणजे साहेबांची हांजी हांजी केलीत. आयुष्यभर तेच केलंत, आता मुलाची करताय."

हे फार लागेल असं मला वाटलं होतं आणि लागावं असंच मला वाटत होतं. अण्णांनी फक्त चष्मा पुसला.

"साहेबाला कल्पना स्वतःचीच वाटली पाहिजे, शैला," ते म्हणाले, "नाहीतर सही होत नाही. तू पाडव्यापर्यंत आहेस ना? थांब मग."

पाडव्याला सकाळपासून बंगल्यात धांदल. दारासमोर रांगोळी, कोंबड्यांच्या घराला झेंडूचं तोरण, उताराच्या तोंडाशी लाल रिबीन. पाचही सिल्की धुऊन, वाळवून, फुलवून वेताच्या टोपलीत बसवलेल्या. मृणालने प्रत्येकीच्या गळ्यात बो बांधला होता. घरातल्या एकाही माणसाला इतक्या मायेने न्हायला घातलेलं मी त्या दिवाळीत पाहिलं नाही.

क्लबची मंडळी आली. बायका पर्लला कुरवाळायला पुढे झाल्या. "किती गोड! मुलगी ना?"

"हो, आमची लेक आहे ती," मृणाल लाडाने म्हणाली.

लेकीने मान वर केली आणि कुकूऽऽच कू अशी खणखणीत बांग दिली.

या जातीत नर-मादी लवकर ओळखता येत नाही म्हणे. ते मला अण्णांनी नंतर सांगितलं. त्या वेळी मात्र मृणालचा चेहरा बघून दिवाळी साजरी झाल्यासारखं वाटलं मला.

जयवंतने लगेच विषय फिरवला आणि भाषण ठोकलं. "हे पक्षी नाजूक आहेत. त्यांना जिने, उंची झेपत नाही. त्यांना जमिनीलगत, कोरड्यात, उबेत ठेवायला हवं. डोळ्यांपुढे झुबका येतो, नीट दिसत नाही, म्हणून उजेड हवा. दांडग्या कोंबड्यांमध्ये टाकलं तर टोचून टोचून हैराण करतात, म्हणून वेगळं, शांत घर. मुक्या जिवाला सांभाळायचं तर पूर्ण सांभाळावं, असं मी मानतो."

टाळ्या पडल्या. 

तेवढ्यात मागे खुर्चीचा आवाज झाला. शिकलगार आणि त्यांचा थोरला मुलगा अण्णांना खुर्चीत बसवून, उचलून जिन्यावरून खाली, परसात घेऊन येत होते. अण्णांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, डोक्याला टोपी.

"अरे वा, अण्णासाहेब!" कुलगोड डॉक्टर पुढे झाले. "घरातले वडीलधारे असताना आम्ही कोण? जयवंतराव, रिबीन यांनीच कापायची."

जयवंतला ते आवडलं. फोटो चांगला येणार होता. त्याने कात्री अण्णांच्या हातात दिली. त्यांनी रिबीन कापली आणि डाव्या हाताने तो पाइप धरला. उभे राहिले. एक पाऊल, मग दुसरं. रबराच्या पट्टीवर चप्पल घट्ट बसत होती. कोणाचाही हात न धरता माझे वडील तो उतार चढून दारापर्यंत गेले, दार उघडलं, मागे वळून पाहिलं आणि म्हणाले,

"रमजान, आण रे."

शिकलगारांचा मुलगा जिन्याकडे पळाला. वरून अण्णांची पत्र्याची ट्रंक आली. मग गादी आली. गादी त्या ओट्यावर पसरली. पोत्यांच्या ओट्यावर ती गादी चारी बाजूंनी अशी चपखल बसली की माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. उंच छप्पर. पंखा. गरम पाण्याची मोरी. शेजारी संडास. पाइप. आतली कडी.

मीच ती कडी बघून हसले होते.

 मृणाल पुटपुटली, "अहो, ती खाद्याची खोली ना..." जयवंतचं तोंड उघडं होतं. त्यातून काही बाहेर पडणार, तेवढ्यात कुलगोड डॉक्टरांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

"जयवंतराव! आणि आम्हाला सांगता कोंबड्यांचं घर! वडिलांसाठी सरप्राइज! वा! रॅम्प काय, रेलिंग काय! मी रोज पेशंटच्या नातेवाइकांना सांगतो, म्हाताऱ्या माणसांना खाली ठेवा, खाली ठेवा. कोणी ऐकत नाही. आणि शेजारी पक्ष्यांची सोबत! असा मुलगा पाहिजे."

पुन्हा टाळ्या पडल्या. या वेळी जास्त. एक बाई तर डोळे टिपत होत्या. जयवंतने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मग तो हसला. अगदी नम्रपणे हसला, मान खाली घालून. "कर्तव्यच आहे ते," असं म्हणाला. स्वतःच्या भावाबद्दल मला इतका तिटकारा आजवर कधी वाटला नव्हता. आणि त्याच वेळी मला आनंद झाला, अगदी दुष्ट आनंद. माझ्या बापाला स्वतःच्या प्लॉटवर कोंबडीच्या नावाने खोली मंजूर करून घ्यावी लागली होती, पण घेतली होती.

फराळ झाला, मंडळी गेली. उन्हं कलली तसं जयवंतचं हसू गेलं. तो तरातरा परसात आला. मी उताराशी बसले होते. आत अण्णा ओट्यावर टेकून बसले होते आणि जाळीपलीकडे सिल्की एकमेकींना चिकटून एका ढिगात झोपायच्या तयारीला लागल्या होत्या.

"अण्णा, पुरे झालं आता. चला वर."

"वर? वर झेपत नाही. जमिनीलगत, कोरड्यात, उबेत ठेवायला हवं. तूच म्हणालास सकाळी."

"ते मी कोंबड्यांबद्दल म्हणालो!"

"माहीत आहे मला."

 जयवंतने नेहमीचं हत्यार काढलं. "वडिलांना कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवलं म्हणून लोक काय म्हणतील?"

"लोकांचं म्हणून झालं," अण्णा म्हणाले. "टाळ्या वाजवून गेले की."

जयवंत माझ्याकडे वळला. "ताई, तू तरी सांग त्यांना."

"मी काय सांगू? घर छान झालंय. तूच ठरवलंस ना सगळं?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की आमच्यातली भाऊबीज तिथेच संपली. पुढची काही वर्षं संपलेलीच राहिली. मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

अण्णा हळूच उठले. पाइप धरून उतार उतरले, मातीत उभे राहिले आणि तिथून फाटकापर्यंत चालत गेले. वाटेत दोनदा थांबले. फाटकाबाहेर शिकलगार उभे होते, रोजच्यासारखे. दोघं काहीतरी बोलले. काय ते मला ऐकू आलं नाही; पहिल्यांदाच त्यांना ओरडावं लागलं नव्हतं.

मग अण्णा परत आले. जयवंत अजून दारात उभा होता. अण्णांनी त्याच्या बाजूने वाट काढली, आत गेले आणि दाराला हात घातला.

"बाजूला हो रे जरा. थंडी लागते पक्ष्यांना."

जयवंत बाजूला झाला. सवयच होती त्याला, कोंबड्यांचं नाव निघालं की ऐकायची. दार लागलं. मग आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

जयवंतने दार ढकलून पाहिलं. हललं नाही. दार मजबूत होतं आणि फिनिशिंगही उत्तम होतं.